आगीला अडवणारी भिंत

दोस्तांनो, शेकोटीपुढे बसला आहात ना कधी? ज्वाळा अंगाला लागत नाहीत, तरी तोंड कसं भाजून निघतं! मग आपण हातभर मागं सरकतो. घराला मात्र मागं सरकता येत नाही. शेजारचं घर पेटलं, की जागच्या जागी उभं राहून त्याला ती धग सोसावी लागते. धग फार झाली, की ज्वाळेचा स्पर्शही न होता लाकूड पेट घेतं!

लंडन शहराला हा धडा फार महागात पडला. तिथली बहुतेक घरं लाकडी, एकमेकांना खेटून उभी. वरचे मजले तर रस्त्यावर पुढं आलेले. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. वारा जोराचा होता. बघता बघता गल्लीमागून गल्ली पेटली आणि काही दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च खाक झाली.

मग १६६७ साली कायदा आला. नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात! वीट मुळातच भट्टीत भाजलेली. ती कशाला पेटतेय? दोन घरांमधली सामाईक भिंत किती जाड हवी, हेही ठरलं. पुढं १७०७ साली ही भिंत छपराच्याही वर १८ इंच न्यायला सांगितलं. का? आगीनं छपरावरून उडी मारू नये म्हणून.

आज तर भिंतींची चक्क परीक्षा घेतात, बरं का! नमुन्याची भिंत मोठ्या भट्टीला लावतात. तासाभरात भट्टी ९४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. भिंतीला भेग पडली, तर तिच्याजवळ कापूस धरतात. कापूस पेटला की भिंत नापास! मागची बाजू सरासरी १४० अंशांहून जास्त तापली, तरी नापास. तासभर टिकली, तर ती 'एक तासाची भिंत'.

अमेरिकेत घरबांधणीच्या एका प्रचलित नियमानुसार घराची भिंत हद्दीपासून पाच फुटांच्या आत असेल, तर ती साधारणपणे अशी एक तासाची लागते. तीन फुटांच्या आत तर खिडकीच नाही! कारण साधी काच आगीत तडकते आणि आगीला वाट मिळते.

तुम्ही म्हणाल, एवढं कडक कशाला? अहो, हद्दीपलीकडची जागा आपली नसते. शेजारी उद्या तिथं काय बांधील, कोण जाणे! म्हणून आपल्या बाजूचा बंदोबस्त आपणच करायचा. ही भिंत त्याची आग आपल्याकडे येऊ देत नाही आणि आपली त्याच्याकडे जाऊ देत नाही.

पण एकच तास? हो! तेवढ्यात माणसं बाहेर पडतात, आगीचा बंब येऊन पोचतो. हद्दीला लागून बिनखिडकीची भिंत दिसली, तर या तासाची आठवण ठेवा.