गंगापूरच्या माळावरची वाइन

राजीव सामंत. शिक्षण स्टॅनफर्डमध्ये, नोकरी कॅलिफोर्नियात ओरॅकल कंपनीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते परतले आणि नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात घरच्या जमिनीवर शेतीला लागले. आधी आंबा, गुलाब, खायची द्राक्षे असे प्रयोग झाले. १९९७ मध्ये त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां या वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या. सल्लागार होते कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की. ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, नाव आई सुलभा यांच्यावरून.

खरा सामना हवामानाशी होता. युरोपात द्राक्षे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये खुडतात. नाशिकला पावसाळ्यानंतर छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडणी. दुपारच्या उन्हात रस बिघडू नये म्हणून सकाळच्या गारव्यातच माल तोडायचा आणि पांढऱ्या वाइनचा रस थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवायचा. ही शिस्त नसती, तर नुसत्या भांडवलावर काही उभे राहिले नसते.

२००१ च्या राज्याच्या द्राक्ष-वाइन धोरणाने करसवलत दिली. २००५ मध्ये वाइन चाखण्याचे दालन खुले झाले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘सुला’ कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली.