भुशाची चौकट

वखारीत करवत सुरू झाली की पायाखाली भुशाचा ढीग साचू लागतो. एकेकाळी तो शेगडीत जायचा. मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद उपसायची आणि खालून पेटवायचे. तासन्‌तास धग टिकायची. गॅस आला, शेगडी माळ्यावर गेली. आता तोच भुसा न्हाणीघराच्या चौकटीत येऊन बसला आहे!

प्लॅस्टिकमध्ये लाकडाचे पीठ घालण्याची युक्ती तशी जुनीच. जुन्या घरांतली विजेची काळी बटणे आठवतात? लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेल्या बेकेलाइटची ती, आणि बेकेलाइटमध्ये हे पीठ सर्रास मिसळत. पुढे १९८३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका कारखान्याने पॉलिप्रॉपिलीन आणि लाकडाचे पीठ निम्मे-निम्मे घेऊन मोटारींच्या अंतर्भागासाठी पत्रे काढले.

ऐकायला सोपे, पण लाकडाला पाण्याची ओढ आणि प्लॅस्टिकला पाण्याचे वावडे. दोघांचे सूत जुळावे म्हणून मध्यस्थ लागतो: मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले थोडेसे पॉलिप्रॉपिलीन. ते एका हाताने लाकडाला धरते, दुसऱ्याने प्लॅस्टिकला. पीठही आधी खडखडीत वाळवावे लागते, नाहीतर वाफेचे बुडबुडे होऊन माल सच्छिद्र निघतो. शिवाय तापमान २०० अंश सेल्सियसच्या वर गेले की लाकूड करपू लागते. म्हणूनच पिशव्यांचे पॉलिथीन इथे चालते, पण पाण्याच्या बाटल्यांचे पेट चालत नाही. त्याला वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते.

या मिश्रणाला ताठपणा येतो, वाळवी सहसा लागत नाही. मात्र भुशाचे कण आखूड असतात. खरी बळकटी लांब तंतूंनी येते, त्यामुळे नुसत्या भुशाचा माल ठोसा बसला तर साध्या प्लॅस्टिकपेक्षा लवकर तडकतो. लांब फळीवर पुस्तकांचे ओझे वर्षानुवर्षे ठेवले तर ती मध्ये झोळ धरते. पाणीही अगदीच शिरत नाही असे नाही, सावकाश शिरते.

घर सजवणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ‘डब्ल्यूपीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक फळ्यांत मुख्यतः फेसाळवलेले पीव्हीसी आणि चुनखडीची पूड असते, लाकूड नावापुरते. न्हाणीघरासाठी ती वाईट नव्हे; पण लाकडाचा भाव मोजताना आत काय आणि किती आहे, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. आणि सुतार गेल्यावर उरलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात मुळीच घालू नयेत. पीव्हीसी जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा दाहक धूर निघतो.