उबवणीच्या पेटीतला हलता आकडा

अंडी उबवण्याच्या पेटीत एलएम३५ सेन्सर लावून तो आर्डुइनो उनोला जोडला, की पडद्यावर असे आकडे येतात : ७७, ७९, ७६, ७८. पेटीत तापमान तेच, साडेसदतीस अंश. पाच व्होल्टचे १०२४ भाग केले तर एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, एलएम३५ अंशामागे १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे तीन पायऱ्यांची ही उडी दीड अंशाची झाली. अंड्यांसाठी ती फार आहे.

बहुतेक जण लगेच कोडमध्ये सरासरी घेतात. माझ्या मते ते सगळ्यांत शेवटचं काम. आधी पेटी तापवणारा बल्ब चालू-बंद करणाऱ्या रिलेकडे कान द्यावा. बल्ब लावताना रिले ओढला जातो, यूएसबीचे पाच व्होल्ट ४.९ वर येतात आणि सेन्सर जागचा हललेला नसताना आकडा दीड पायरी चढतो. कोडला वाटतं पेटी तापली. रिले सुटतो, व्होल्टेज सावरतं, आकडा उतरतो, रिले पुन्हा ओढला जातो. टकटक सुरू! इथे सेन्सरचा काहीच दोष नाही, मोजायची पट्टीच आखडते आहे.

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या आत साधारण १.१ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ असतो. तो निवडला की पट्टीचा यूएसबीशी संबंध उरत नाही आणि पायरी अंशाच्या दहाव्या भागावर येते. मात्र हा संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो. एआरईएफ पिनवर मल्टिमीटर लावून दिसेल तो आकडा कोडमध्ये घालावा.

पायरी बारीक झाली की वायरींचा नॉइज उघडा पडतो. सेन्सरची ग्राउंड वायर रिलेच्या वायरीत मधेच न जोडता थेट बोर्डाला न्यावी, सिग्नलच्या वायरीबरोबर पिळून. बोर्डावर सिग्नल शिरतो त्या पिनजवळ ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावावा, पण एलएम३५च्या पायाला थेट नाही. त्याला जेमतेम ५० पिकोफॅरडचा भार सोसतो. जास्त झाला तर तो स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो. मध्ये दोन किलोओहमचा रेझिस्टर घालावा. चिपला दहा किलोओहमपर्यंत चालतं.

आता सरासरी. उनोवर एका रीडिंगला सुमारे ११० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एकापाठोपाठ घेतलेली शंभर रीडिंग ११ मिलिसेकंदांत उरकतात. बल्बच्या वायरीतून शिरणाऱ्या ५० हर्ट्‌झच्या लाटेला २० मिलिसेकंद लागतात. अर्ध्या लाटेची सरासरी कधी वर जाते, कधी खाली. रीडिंग पूर्ण २० मिलिसेकंदांवर सारख्या अंतराने पसरली, की लाटेचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात.

यानंतरही आकडा एखादी पायरी हलत असेल तर हलू द्यावा. सोळा रीडिंगची बेरीज करून चारने भागलं की दहा बिटांच्या चिपमधून बारा बिटांचं रीडिंग मिळतं, पण ते या उरल्यासुरल्या थरथरीच्या जोरावरच. सोळाही आकडे तंतोतंत सारखे आले, तर जादा दोन बिटांत नवं काहीच नसतं.