सोनझरींची काठवट

वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी नावाची एक लहानशी जमात आहे. नाव ऐकून कुणालाही वाटावे, की ही माणसे पिढीजात श्रीमंत असणार. प्रत्यक्षात उलटे आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा आपला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात सोनझरींची दंतकथा नोंदलेली आहे. पार्वतीचा मुकुट नदीत पडला. तो काढायला पाठवलेल्या त्यांच्या मूळ पुरुषाने त्यातले थोडे सोने चोरले, म्हणून महादेवाने त्यांना कायमच्या दारिद्र्याचा शाप दिला. त्याच ग्रंथात १९११ सालची त्यांची संख्या सुमारे दीड हजार दिली असून वस्तीच्या जिल्ह्यांत मंडला, बालाघाट यांच्याबरोबर चांदाही आहे. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आजचा गडचिरोली जिल्हाही मोडत असे.

शापाची कथा बाजूला ठेवून नदीचे शास्त्र पाहिले, तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही.

नदी सोने तयार करत नाही, ती फक्त वाहून आणते. भंडारा जिल्ह्यातील साकोली परिसरात अतिप्राचीन रूपांतरित खडक आहेत. त्यांतल्या गारगोटीच्या शिरांमध्ये काही ठिकाणी सोन्याचा अंश असल्याचे भूवैज्ञानिकांना आढळले आहे. ऊन, पाऊस आणि काळ यांनी असे खडक झिजतात, गारगोटीची वाळू होते आणि सोने मोकळे होते. सोने गंजत नाही, विरघळत नाही, म्हणून ते टिकते. शिवाय ते विलक्षण जड असते. पाण्याच्या १९.३ पट. गारगोटीची वाळू पाण्याच्या जेमतेम २.६५ पट, तर लोहाचा काळा चुरा सुमारे पाचपट जड. त्यामुळे प्रवाहाचा जोर जिथे ओसरतो, तिथे सोने आधी खाली बसते : वळणाच्या आतल्या काठाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळच्या खडकाच्या भेगांत.

सोनझरी हेच ओळखतो. त्याचे साधन म्हणजे लाकडी काठवट. रेती-गोटे तीत घ्यायचे, पाण्याखाली धरून हलवायचे, हलके ते कडेवरून सोडून द्यायचे. मूल हे भाताचे आणि तांदळाच्या गिरण्यांचे गाव. इथल्या कोणत्याही बाईला ही क्रिया समजावून सांगावी लागणार नाही. सुपात ती जे वाऱ्याच्या मदतीने करते, तेच काठवटीत पाण्याच्या मदतीने होते. शेवटी तळाशी काळ्या वाळूची एक रेघ उरते. नशीब असेल तर तिच्या टोकाला पिवळे ठिपके दिसतात. उन्हात चमकणारे सगळे सोने नसते. मूलजवळून वाहणाऱ्या उमेच्या किंवा अंधारीच्या पात्रात जे लकाकते, ते बहुधा अभ्रक. परीक्षा सोपी आहे : हाताची सावली धरली की अभ्रक विझते, सोने सावलीतही पिवळेच राहते. सुईच्या टोकाने दाबल्यावर अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोने नुसते चेपते.

आता हिशेब. एक ठिपका एक मिलिग्रॅमचा धरला, तर एका ग्रॅमला हजार ठिपके लागतात आणि जुन्या तोळ्याला साडेअकरा हजारांहून अधिक. समजा, घनमीटरभर रेतीत एक दशांश ग्रॅम सोने आहे. ती रेती भरते सुमारे सोळाशे किलो. दहा किलोंची एक काठवट धरली, तर एकशे साठ वेळा धुवावे तेव्हा शंभर ठिपके हाती येणार. पार्वतीच्या मुकुटाची कथा या गणिताचेच स्पष्टीकरण असावे, असे मला वाटते. हातात रोज सोने, घरात मात्र काही नाही, याचा अर्थ लावण्यासाठी माणसाला शापच हवा.

मराठीत 'झारेकरी' हा शब्द आहे. सोनारांच्या दुकानांसमोरची धूळ, भट्टीची राख धुऊन तिच्यातले कण काढणारा तो झारेकरी. सराफ्याच्या गटारातला गाळ म्हणजे शहरातली नदीच, आणि कसब तेच. फरक आहे तो पाऱ्याचा आणि तेजाबाचा. पारा बारीक कण ओढून घेतो, पण गोळा तापवला की त्याची विषारी वाफ धुणाऱ्याच्याच फुप्फुसात जाते.

जगात इतरत्र हेच काम लोक हौसेने करतात. न्यूझीलंडमध्ये नदीचे काही ठरावीक पट्टे हौशी सोनेशोधकांसाठी खुले आहेत. फिनलंडमधल्या टांकावारा गावी सोने धुण्याच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. वाळूत मोजून लपवलेले कण कमीत कमी वेळात शोधायचे, एखादा निसटला तर दंड. आपल्याकडे सोने हे प्रमुख खनिज. १९५७च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याविना त्याचे उत्खनन करता येत नाही, आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टा लिलावातून मिळतो. काठवट घेऊन कुणी लिलावात उतरू शकत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात सोन्याचे साठे असल्याच्या बातम्या २०२२ साली झळकल्या, तेव्हा चर्चा झाली ती महसुलाची आणि कंपन्यांची. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या या नद्यांचे तळ हाताने वाचत आली, त्यांचे नाव त्यात नव्हते. दरम्यान यंत्रांनी रेती उपसली जाते, पात्रे खोल जातात आणि सोने कुठे बसते हे सांगणारी वळणेच नाहीशी होतात. धोंड्याचा आडोसा गेला की तिथले सोने जाते आणि त्या आडोशाला हात घालण्याचे ज्ञानही जाते.

लक्ष्मीपूजनाला आपण घरातले वळे-नाणे पाटावर मांडतो. ते कुठल्या देशाच्या खाणीतून आले, हे आपल्याला ठाऊक नसते. सोनझरीला मात्र आपला प्रत्येक ठिपका कुठल्या वळणावर सापडला ते सांगता येत असे. हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत तोवर त्यांचे शब्द, त्यांच्या जागा आणि त्यांची हत्यारे नोंदवून घ्यायला हवीत. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही.