मोटारींचा आवाज नसलेली वाट : जरीपटक्याहून सातपुड्याकडे सायकलीने



जरीपटका म्हणजे पेशवाईतला मानाचा, जरीकाम केलेला ध्वज. नागपूरच्या उत्तर भागातल्या एका वस्तीचेही हेच नाव आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सर्वस्व मागे टाकून आलेली सिंधी कुटुंबे येथे वसली आणि कष्टाने त्यांनी येथली बाजारपेठ उभी केली. आपल्या पैकी कित्येकांची पोरे शिकायला, नोकरीला नागपुरात आहेत. त्यांच्यापैकी काहींनी अलीकडे सायकल हाती घेतली आहे. कामापुरती नव्हे बरं का, सुटीच्या दिवशी दूर डोंगराकडे जायला! गावाकडचा म्हातारा विचारतो, "काहून बाप्पा, पैशे कमी पडले का गाडीला?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. त्यात आपल्या उसाच्या ट्रॉलीचाही संबंध आहे, तो पुढे येईल.

डोंगर जवळ, पण रस्ता कोणाचा?

जरीपटक्याहून मानकापूर, कोराडी, सावनेर असे उत्तरेला गेले की मध्य प्रदेशची हद्द लागते. पुढे सौंसर. हा भाग आता २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. भाषा मराठी, बागा संत्र्याच्या. त्यानंतर सिलेवानीचा घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर जाता येते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तर छिंदवाडा पावणेसातशे मीटरच्या आसपास. म्हणजे नागपूरकराला सातपुडा घरच्या अंगणात आहे.

अडचण चढाची नाही, रहदारीची आहे. कोराडीला वीजकेंद्र, त्यामुळे कोळशाच्या आणि राखेच्या गाड्या. पुढे महामार्गावरचे ट्रक. अशा रस्त्यावर सायकलवाल्याचे निम्मे लक्ष पाठीमागे असते. मग डोंगर पाहणार कधी? म्हणून जाणती मंडळी जिथे मोटार नाही किंवा अगदी विरळ आहे, अशी वाट शोधतात.

आगगाडी गेली, वाट उरली

जगात अशी वाट पुष्कळ ठिकाणी सापडली ती बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर. कारण साधे आहे. रेल्वेच्या इंजिनाला उभा चढ चढवत नाही, म्हणून रूळ टाकणारे डोंगराला वळसे घालत, बोगदे पाडत सौम्य चढ शोधतात. घाटातल्या डांबरी रस्त्याचा चढ वीसास एक असेल, तर एक किलोमीटरमध्ये पन्नास मीटर उंची चढावी लागते. रेल्वेचा शंभरास एक असेल, तर दहाच मीटर. जिथे इंजिन चढले तिथे साठीचा माणूसही सायकलीवर चढतो.

स्पेन देशात १९९३ पासून जुने रेल्वेमार्ग 'हिरव्या वाटा' म्हणून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुले करण्याचा कार्यक्रम चालू आहे. आता त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. त्यातली एक वाट आपण ध्यानात घ्यावी अशी आहे. दक्षिणेतल्या खाएन शहरापासून पुएन्ते खेनिलपर्यंत १२८ किलोमीटर ती ऑलिव्हच्या बागांमधून जाते. पूर्वी याच मार्गाने आगगाडीतून ऑलिव्हचे तेल जाई, म्हणून तिचे नावच 'तेलाची वाट'. आपल्याकडे उसाचे जे स्थान, ते तिथे ऑलिव्हचे. न्यूझीलंडमध्ये ओटागो भागातली रेल्वे १९९० साली बंद झाली. २००० साली तिच्या जागी सुमारे दीडशे किलोमीटरची सायकलवाट खुली झाली. मेंढ्या पाळणाऱ्या त्या विरळ वस्तीच्या मुलखात पाहुणे येऊ लागले. शेतकऱ्यांनी घरच्या खोल्या उतरायला दिल्या, आणि ओस पडत चाललेल्या गावांना जोडधंदा मिळाला. मोटारीतला पाहुणा गावावरून निघून जातो. सायकलवाला गावात थांबतो, कारण त्याला भूक लागते.

आपल्याकडचे तीन मार्ग

मग आपल्याकडे असे करता येईल काय? विदर्भात बंद पडलेले रेल्वेमार्ग आहेत, पण प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

पहिला नागपूर-छिंदवाडा. अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी २०१५ अखेर बंद झाली आणि तिथे रुंद मार्ग आला. त्याबद्दल दुःख करू नये. गावकऱ्याला आधी रेल्वे हवी, हौशी सायकलवाट नंतर. त्या जुन्या गाडीची आठवण मोतीबागच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात आहे. २००२ साली सुरू झालेले हे संग्रहालय जरीपटक्यापासून जवळच आहे, मुलांना जरूर दाखवावे.

दुसरा मार्ग अकोट-खंडवा. मीटर गेजची ही गाडी मेळघाटातून जाई. धुळघाटला तर रूळ स्वतःभोवती फिरून स्वतःवरूनच जात, इतका तो डोंगर अवघड. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. व्याघ्रप्रकल्पातून रुंद मार्ग नेण्यास वन्यजीवांच्या अभ्यासकांनी विरोध केला. नकाशात पाहिले तर सायकलवाटेला याहून सुंदर जागा नाही. पण इथे आपणच 'नको' म्हटले पाहिजे. मेळघाट हा १९७३-७४ साली झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. ती वाट वाघाची, आपली नव्हे.

तिसरा शकुंतला रेल्वेचा, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. कापसासाठी इंग्रज कंपनीने टाकलेला हा मार्ग आता बंद आहे. पण गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून तिथली जनता आग्रही आहे. ज्यांना गाडी हवी त्यांच्या पुढ्यात सायकलवाट ठेवणे बरे नव्हे.

थोडक्यात, परदेशाची नक्कल इथे जशीच्या तशी चालत नाही. आपली शांत वाट आपल्यालाच शोधावी लागेल.

मग जायचे कोठून?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा तीसेक किलोमीटरचा घाट पहाटे उजाडल्यावर, आडवारी, बराच मोकळा असतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. कॉफी होणारे हे विदर्भातले थंड ठिकाण, आणि शेजारी गाविलगड. छिंदवाड्यापलीकडे तामिया आणि पाताळकोटची बाजू आहे. खोल दरीत भारिया आदिवासींची बारा गावे. तिथे गेल्यास पाहुण्यासारखे वागावे, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. जंगलातल्या रस्त्यावर वनखात्याचे नियम पाळावेत. अंधार पडल्यावर जंगलात सायकल मुळीच नको.

आणि सरावासाठी? आपल्या शेतातल्या पाणंदी आणि कालव्याच्या काठचे रस्ते! पेंचसारख्या प्रकल्पाच्या कालव्याकाठचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो, तेव्हा परवानगीचे पाहून जावे. पण सावली, पाणी आणि सपाटी, आणखी काय हवे?

सायकल कशी असावी?

आपली दूध नेणारी दणकट सायकल सपाटीला उत्तम. तिचे पुढचे चक्र समजा ४४ दात्यांचे आणि मागचे १८ चे. एका पायडलात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. घाटात एवढे अंतर ओढवत नाही, माणूस उतरून ढकलतो. गिअरच्या सायकलीत पुढे २८ आणि मागे ३२ दाते लावता येतात. तेव्हा एका पायडलात दोन मीटरहूनही कमी अंतर जाते, पण पायावरचा भार जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बैलगाडीने वेळ लागतो पण माल पोचतो, तसेच हे.

चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्यावी. ब्रेकची रबरे निघण्यापूर्वी तपासावीत. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरावे, एकदम पुढचा ब्रेक मारू नये. जोड ट्यूब, पंप, पाना सोबत असावा, कारण घाटात सायकल दुरुस्तीचे दुकान नसते.

खाण्याच्या बाबतीत तर आपण मालकच! तासाहून जास्त सायकल चालवणाऱ्याला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. महागड्या पुड्या घेण्यापेक्षा गूळ-शेंगदाणे, केळी, गूळपोळी बांधून न्यावी. फार घाम गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे.

नागपूरचेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची खडतर सायकल शर्यत एकट्याने पुरी केली. आपल्याला शर्यत करायची नाही. पण विदर्भाच्या उन्हात तयार झालेला माणूस हे करतो, एवढे पोरांना सांगावे.

आता आपली बाजू

मंडळी, आता उसाच्या ट्रॉलीचे. आपल्या गावची मुलेमुली रोज सायकलीनेच शाळेत जातात. त्यांच्यासाठी हा छंद नाही, शिक्षणाची वाट आहे. गळीत हंगामात त्याच अरुंद रस्त्यावर जोड ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, उसाच्या शेंड्यांनी रिफ्लेक्टर झाकलेला, आणि बिघडलेली ट्रॉली रात्री रस्त्यातच उभी, मागे दगड लावलेले. उजाडायच्या आधी शिकवणीला निघालेल्या पोराला ती कशी दिसावी? तेव्हा ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर उसाच्या बाहेर दिसेल असा बांधावा, बंद ट्रॉली रस्त्याखाली घ्यावी आणि निघताना दगड उचलावेत. याला खर्च जवळजवळ नाही.

दुसरे पाणंदीचे. दर नांगरटीला दोन तास पाणंदीत घुसवून आपण वाट अरुंद करतो. मग ऊस बाहेर काढताना भांडणे, आणि मुलांना जायला डांबरी रस्ता तेवढा उरतो. वाट अडवली गेली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली, आणि बांधावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण त्याआधी चार शेजाऱ्यांनी बसून पाणंद मोकळी केली तर तारखाच पडणार नाहीत.

पाणंद मोकळी असली तर त्याच वाटेने ऊस निघेल, मूल शाळेत जाईल, आणि जरीपटक्याहून सुटीला आलेला मुलगा म्हाताऱ्याला म्हणेल, "चला बाबा, कालव्यापर्यंत जाऊन येऊ." म्हाताऱ्याने जरूर जावे. सायकल एकदा आली की विसरत नाही.