सापडलेलं नाणं चिंचेनं घासू नका



लग्न होऊन चाकणजवळच्या गावात आले, त्या वर्षी बटाटे काढताना मला एक जाड, हिरवट तांब्याचा तुकडा सापडला. सासूबाई म्हणाल्या, "शिवराई आहे गं, देव्हाऱ्यात ठेव." देवापुढे मळकं कसं ठेवायचं, म्हणून मी चिंच-मीठ लावून घासलं. नाणं लख्ख झालं, पण अक्षरंही गेली.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ही नाणी निघाली आणि पुढे पेशवाईतही पडत राहिली. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्याच वेळची नसते. अक्षरांचं वळण आणि वजन पाहून जाणकार ते ठरवतात. ती अक्षरंच आपण घासून काढली, तर ठरवणार कशावरून? वरचा हिरवा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. तांबं वर्षानुवर्षं ओल्या मातीत राहून तो धरतो. चिंचेचा आंबटपणा थराबरोबर खालची अक्षरंही खातो.

म्हणून सुटी माती तेवढी मऊ ब्रशनं झटकायची. सावलीत वाळवून पांढऱ्या कागदात ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. तेल, हळद-कुंकू काही लावायचं नाही, आणि डाग देऊन गळ्यातलं पदक तर अजिबात करायचं नाही. सोबत चिठ्ठी हवीच: गट नंबर (जमिनीचा हो, बचत गटाचा नव्हे!), किती खोल होतं, तारीख, आणि शेजारी खापरं, मणी, राख काय होतं ते.

चिठ्ठी कशाला, असं वाटेल. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली झुडपाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला काशाचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. देशभर नाव झालं. पण अभ्यासकांनी बघण्याआधीच त्या वस्तू मातीतून निघाल्या होत्या, त्यामुळे त्या नेमक्या किती जुन्या यावर अजून वाद आहे.

आता कायद्याचं. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे, म्हणून रक्कम एवढी लहान. कळवणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. लपवणाऱ्याचा वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याजवळच चिखलीला बांधकामाच्या खोदाईत मजुरांना मुघलकालीन सोन्याची नाणी मिळाली. ती त्यांनी घरी नेली, आणि २०२२ मध्ये पोलिसांनी २१६ नाणी ताब्यात घेतली. वेळेत अर्ज दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

अर्ज तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात द्या, पोच घ्या, जमलं तर फोटो जोडा. ओळख पटवायला पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे अभ्यासक आहेत. दारावर जुनं तांबं-पितळ वजनावर घ्यायला येणाऱ्याला मात्र असलं काही दाखवूसुद्धा नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

आपल्याकडे रोज कुठं ना कुठं जेसीबी चालू असतो. शेत सपाट झालं की चिठ्ठीत लिहायलाही काही उरत नाही.

माझ्या शिवराईवर आता फक्त 'श्री' दिसतं, तेही उन्हात तिरकं धरलं तर. गट नंबर लिहून ठेवलाय. किती खोल होती, ते मात्र आठवत नाही.