औषध आणि गिऱ्हाईक – भाग अकरावा : किराण्यातली पुडी, मेडिकलमधली गोळी

पोटाच्या जळजळीवरच्या पुडीच्या जाहिरातीतील ‘सहा सेकंदांत काम सुरू’ या दाव्याचा हिशोब या आठवड्यात मांडण्याचे कबूल केले होते, तो पुढे ढकलावा लागत आहे, कारण पालम (जि. परभणी) येथील एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न त्या हिशोबाच्या आधी सुटायला हवा. पालमच्या बाजारात पोटाच्या जळजळीवरची फसफसणारी पुडी किराणा दुकानात बिस्किटांशेजारी माळेने टांगलेली असते, चघळण्याची गुलाबी गोळी मेडिकलमध्ये मागावी लागते आणि डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली पित्ताची गोळी त्याच मेडिकलमध्ये पुढच्या वेळी चिठ्ठीवाचून मिळते; तेव्हा किराण्यात मिळते ते सर्वांत निर्धोक आणि मेडिकलमध्ये मिळते ते जास्त कडक, असे समजावे काय, अशी त्या वाचकाची पृच्छा आहे. तसे समजू नये, हे थोडक्यात उत्तर झाले. औषध कोणत्या फळीवर बसते हे त्याच्या गुणावगुणांपेक्षा ते कायद्याच्या कोणत्या रकान्यात नोंदले गेले यावरून ठरते, आणि जाहिरातीचा सारा डौल त्या रकान्याच्या मापाने बेतलेला असतो.

चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या औषधांना सर्रास ‘ओटीसी’ म्हटले जाते; परंतु १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांत या नावाचा वर्ग आखलेला नाही. नियमांना जोडलेल्या परिशिष्टांपैकी ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’ यांतील औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते; जे त्यांत नाही ते चिठ्ठीशिवाय विकता येते, पण विकणाऱ्याजवळ परवाना हवा. या परवान्यातून सूट देणारे ‘के’ हे परिशिष्ट प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. घरगुती औषधे म्हणून त्यात जी यादी दिली आहे तीत अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, लहान मुलांचे ग्राइप वॉटर, एरंडेल यांच्याबरोबर आम्लनाशके, म्हणजे जठरातील आम्ल मारणारी साधी औषधेही आहेत. मात्र ज्या गावाची लोकसंख्या एक हजाराहून अधिक नाही त्याच गावात ती परवान्यावाचून विकता येतात, तीही कारखान्यातून आलेल्या न फोडलेल्या वेष्टनातच. डॉक्टर वा औषधविक्रेता जवळ नसलेल्या खेड्यात डोकेदुखीची गोळी तरी मिळावी, हा या सवलतीमागचा उघड हेतू आहे. त्यामुळे आसपासच्या एखाद्या लहान वाडीवर वा तांड्यावर गुलाबी गोळीचे पाकीट विकणारा किराणा दुकानदार कायद्यात बसतो, पण नगर पंचायत असलेल्या पालममध्ये तेच पाकीट परवान्यावाचून विकणारा दुकानदार कायदा मोडतो. गोळी तीच, पोट तेच. फरक गावाच्या शिरगणतीचा.

मग फसफसणारी पुडी पालमच्या किराण्यात राजरोस कशी टांगली जाते, याचे उत्तर पुडीच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत आहे. ‘ईनो’च्या पाच ग्रॅमच्या साध्या पुडीवर घटक म्हणून स्वर्जिकाक्षार २.२९ ग्रॅम आणि निंबुकाम्ल २.१८ ग्रॅम असे छापलेले असते व ती आयुर्वेदिक औषध म्हणून नोंदलेली असते. स्वर्जिकाक्षार म्हणजे सज्जीखार, व्यवहारातला खाण्याचा सोडा. निंबुकाम्ल म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचे मूळ असलेले सायट्रिक आम्ल. कायद्याने मान्य केलेल्या आयुर्वेदीय ग्रंथांतील घटक वापरून स्वतःच्या पाठाने तयार केलेल्या औषधाला आयुर्वेदिक स्वामित्व-औषध म्हणून परवाना मिळतो आणि आयुर्वेदिक औषधाच्या बाबतीत हा परवाना उत्पादनापुरताच लागतो, विक्रीसाठी लागत नाही. परिणामी पुडीला किराणा, पानटपरी, बसस्थानकावरील स्टॉल अशी सगळी दारे आपोआप उघडी होतात, आणि नित्य वापराच्या मालाला जे सर्वांत मोलाचे असते ते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर सदैव लटकत राहणे, तिला साधते.

या पुडीचे मूळ आयुर्वेदात मात्र नाही. जेम्स क्रॉसली ईनो या न्यूकॅसलच्या औषधविक्रेत्याने १९ व्या शतकात ‘फ्रूट सॉल्ट’ म्हणून ती विकायला सुरुवात केली. न्यूकॅसल हे बंदर असल्याने खलाशांच्या पेट्यांतून तिची कीर्ती समुद्रापार गेली, १९३८ मध्ये हा धंदा बीचम कंपनीकडे गेला आणि अनेक विलीनीकरणे व विभागण्या होऊन आज ही मुद्रा हेलिऑन या कंपनीची आहे. पेल्यात पाणी ओतताच सोडा आणि आम्ल यांची गाठ पडून कर्बवायू सुटतो. गिऱ्हाइकाच्या मनावर ठसतो तो हा फेस, परंतु जठरातले आम्ल मारण्याचे काम फेसाकडे नसून पेल्यात उरलेल्या सोडियम सायट्रेटासारख्या क्षारांकडे असते. पोटात शिरलेला वायू ढेकर होऊन बाहेर पडतो आणि ढेकर आला की गुण आला, अशी खूणगाठ बांधली जाते. हाच वायू खमण ढोकळ्याचे पीठ फुगवतो, म्हणून पुष्कळ घरांत ही पुडी औषधाच्या डब्याऐवजी मसाल्याच्या डब्याजवळ सापडते, आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूची धास्ती कोण बाळगणार? वास्तविक २.२९ ग्रॅम सोड्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाकाठी २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घेण्याचा सल्ला देते. म्हणजे एका पुडीत त्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो. रक्तदाबाच्या रुग्णाने लोणचे-पापड सोडून द्यावे आणि पंगतीनंतर दोन पुड्या घ्याव्यात, यातली विसंगती ‘थंडावा’ देणाऱ्या जाहिरातीत दिसण्याचे कारण नाही.

ज्या दारातून सोडा आत आला त्याच दारातून सूतशेखरही येतो, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि योगरत्नाकरातील सूतशेखर रस हे महाराष्ट्रातील वैद्यांचे त्यावरचे आवडते औषध. पनवेलच्या श्री धूतपापेश्वर या १८७२ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यापासून अनेकांनी ते गोळीच्या रूपात घराघरांत पोचवले. त्याच्या पाठात शुद्ध पारा, गंधक, ताम्रभस्म, बचनाग आणि धोत्र्याचे बी असते. वैद्याने प्रकृती पाहून मात्रा ठरवावी असे हे औषध आहे, आणि म्हणूनच विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ परिशिष्टातील घटक असलेल्या औषधाच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. तरीही विक्रीच्या परवान्यापुरते पाहिले तर सोड्याची पुडी आणि पाऱ्याची गोळी एकाच पंगतीत बसतात. किराण्याची फळी ही निर्धोकपणाची ग्वाही मानणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी पुरे.

गुलाबी गोळीची गोष्ट वेगळी आहे. फायझरची जेल्युसिल, अ‍ॅबटची डायजीन यांसारख्या आम्लनाशकांत मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची संयुगे असतात. पहिल्याने शौचास घट्ट होते, दुसऱ्याने पातळ, म्हणून त्यांची जोडी लावण्याची रीत पडली, आणि वायूचे बुडबुडे फोडणारे सिमेथिकोन त्यांच्या सोबतीला आले. ही औषधे मागवताना रंग आणि चव हीच ओळख होऊन बसते, आणि ती ओळख किती पक्की असते याचे प्रत्यंतर २०२३ मध्ये आले. डायजीन जेलच्या एकाच बॅचमधील एक बाटली नेहमीसारखी गोड व फिकट गुलाबी, तर दुसरी पांढरी, कडवट आणि उग्र वासाची निघाल्याची तक्रार एका ग्राहकाने ऑगस्टमध्ये केली. त्यानंतर कंपनीने गोव्यातील कारखान्यात तयार झालेले जेल स्वतःहून बाजारातून परत मागवले आणि औषध महानियंत्रकांनी ते न वापरण्याची सूचना काढली. एरवी जाहिरातीचे अंग असलेला रंग येथे ग्राहकाच्या हातातले तपासणीचे साधन ठरला. मात्र रंग-चव चोख असली तरी एक गोष्ट त्यांवरून कळत नाही : ही औषधे लोहाच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी व काही प्रतिजैविके यांना आतड्यात बांधून ठेवतात आणि त्यांचा गुण कमी करतात, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. गरोदर बाई सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी आणि गुलाबी गोळी एकदम घेत असेल, तर रक्तवाढीचा हिशोब चुकणारच.

तिसरी गोळी पॅन्टोप्राझोल वा ओमेप्राझोलची. जठराच्या अस्तरातील काही पेशींत आम्ल बाहेर फेकणारी प्रथिनांची यंत्रणा असते, तिला प्रोटॉन पंप म्हणतात. पहिली दोन औषधे तयार झालेले आम्ल मारतात, तर ही गोळी पंपच बंद पाडते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची असते आणि तिचा पूर्ण गुण यायला काही दिवस जातात. मटणाचा रस्सा रिचवल्यावर घेतलेली गोळी त्या रात्रीपुरती जवळजवळ वाया जाते. कित्येक आठवडे घेऊन ती एकाएकी सोडली तर दबलेले आम्ल उसळून येते, जळजळ पूर्वीपेक्षा वाढते आणि ‘गोळीवाचून चालतच नाही’ असा समज होतो. हे औषध ‘एच’ परिशिष्टात असल्याने त्याच्या पाकिटावर चिठ्ठीची खूण आणि इशारा छापलेला असतो व सामान्य जनतेसाठी त्याची जाहिरात करता येत नाही. तरी तिचे नाव तालुक्याच्या गावात तोंडपाठ असते, ते कसे?

या कोड्याची उकल अशी की, येथे चिठ्ठी हीच जाहिरात होते. कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला सगळे एमआर म्हणतात, तो डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर सांधेदुखीच्या वा तापाच्या औषधांबरोबर ‘पोटाला सांभाळणारी’ म्हणून ही गोळी लिहितात. रुग्ण बरा होतो आणि रिकामे पाकीट खिशात घालून ठेवतो. पुढच्या खेपेला मेडिकलच्या काउंटरवर ते पाकीट ठेवून ‘हीच द्या’ एवढेच म्हणायचे असते. पैसे कमी असले तर कात्रीने दोन गोळ्या कापून मिळतात आणि त्या दोन गोळ्यांच्या पाठीवर इशारा, मुदत, कधीकधी नावसुद्धा उरत नाही. एमआरने डॉक्टरांना काय देऊ नये हे सांगणारी एकसमान आचारसंहिता केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढली; खिशातल्या रिकाम्या पाकिटाला मात्र कोणती आचारसंहिता लावणार? अमेरिकेने दुसरा मार्ग धरला : २००३ मध्ये ओमेप्राझोल चिठ्ठीमुक्त केले, पण चौदा दिवसांहून अधिक घेऊ नये आणि चार महिन्यांच्या आत पुन्हा तसा क्रम घेऊ नये, असे वेष्टनावरच बजावले. येथे चिठ्ठी कागदोपत्री सक्तीची राहिली, व्यवहारात सुटली आणि चौदा दिवसांची ताकीद देणारे कोणी उरले नाही. ओळखीचे औषध म्हणजे निर्धोक, ही समजूतही तितकीच फसवी आहे. कित्येक वर्षे हातोहात खपलेल्या रॅनिटिडिनमध्ये कर्करोगजनक मानल्या जाणाऱ्या अशुद्धीचा प्रश्न २०१९ मध्ये निघाला आणि २०२२ मध्ये ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले.

आता या साऱ्यावर झाकण घालणारा कायदा. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या विकारांवर इलाज असल्याची जाहिरात जनतेसाठी करण्यास मनाई केली, त्या यादीत कर्करोग, मधुमेह, हृदयरोग यांच्याबरोबर जठर व आतड्यांचे व्रण, म्हणजेच अल्सर आहेत; डॉक्टरांकडे खासगीत पाठवलेल्या मजकुराला सूट आहे. ही मनाई सर्व वैद्यकपद्धतींना लागू आहे आणि तिचा हेतू चांगलाच होता. पण तिच्यामुळे जाहिरातदाराच्या वाट्याला उरले ते जळजळ, आंबट ढेकर, गॅस आणि जडपणा. रोगाचे नाव घेता येत नाही म्हणून जेवणाचे नाव घ्यायचे, हा मार्ग त्याने काढला : लग्नाची पंगत, वडापाव, एकादशीची साबुदाण्याची खिचडी. खाल्ले की जळजळणार आणि जळजळले की पुडी, अशी सांगड एकदा बसली की जळजळीचे दुसरे काही कारण असू शकते हा विचारच मागे पडतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जिवाणू ठरावीक दिवसांच्या प्रतिजैविकांनी घालवता येतो. आम्ल मारणाऱ्या पुडीने व्रणाची आग घटकाभर शमते, जिवाणू तसाच राहतो आणि रुग्णाला मात्र वर्षानुवर्षे वाटत राहते की आपल्याला ‘नुसते पित्त’ आहे.

तेव्हा पालमच्या वाचकाने दुकान पाहण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : पुडीच्या वा पाकिटाच्या पाठीवरचे घटक, आपण ती सलग किती दिवस घेत आहोत, आणि जळजळीबरोबर आणखी काय होते आहे. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त दिसणे, यांपैकी एक जरी आढळले तर दुकानाची पायरी न चढता डॉक्टर गाठावा. छातीतली कळ डाव्या हातात वा जबड्यात उतरत असेल, दरदरून घाम सुटत असेल, तर ती ‘गॅस’ समजून पुडी पिऊन पडून राहणे प्राणावर बेतू शकते. अशा वेळी गावातल्या दवाखान्यातून पुढे गंगाखेडला न्यायचे की थेट परभणीला, हे ठरवण्यातही वेळ दवडता कामा नये.

सहा सेकंदांचा हिशोब पुढील भागात येईल आणि त्याच्याबरोबर आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींवरील नियम १७० चा विषयही घ्यावा लागेल, कारण ज्या पुडीला किराण्याचे दार उघडे आहे तिच्या जाहिरातीवर पहारा कोणी ठेवायचा, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.